संभवाचें गणित आणि डॉक्टरेटची वाट

अष्टमींत आमच्या आळींतील एका मुलीनें संख्याशास्त्राची एम्.एस्सी. होतांच मुंबईची चालून आलेली नोकरी नाकारून पीएच्.डी.चा हट्ट धरला. तिच्या मातोश्री आमचेकडे आल्या व म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीच तिला चार शब्द सांगा. आणखी पांच वर्षें शिकून मिळणार काय?" विषय विचारला, तर 'प्रॉबेबिलिस्टिक आणि डिफरन्शिएबल प्रोग्रॅमिंग'! आमचें गणित मॅट्रिकपाशीं थांबलें. पुढील आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. तेव्हां त्या मुलीसच आम्ही शिक्षिका केलें, आणि आठ-दहा सायंकाळीं जें समजलें तें वाचकांपुढें ठेवितों.

न्यायशास्त्रांत डोंगरावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करितात. परंतु एखाद्या नैयायिकास आषाढांत कुंडलिकेच्या कांठीं आणून उभा केला असता, तर समोर दिसतो तो धूर कीं धुकें, येथेंच तो अडला असता. हेतूच जेथें संशयित, तेथें व्याप्ति काय करणार? संभाव्यतेचें शास्त्र अशा वेळीं 'आहे' अथवा 'नाहीं' न म्हणतां विश्वासाचें माप ठरवितें, आणि नवा पुरावा मिळतांच तें माप बदलतें. पहिल्या प्रकारच्या प्रोग्रॅमांत, दिसलेली गोष्ट कशी घडली असावी हें अज्ञात राशींसह लिहून ठेवितात. मग संगणक फलावरून उलट त्या अज्ञातांकडे जातो.

दुसरा प्रकार आम्हांस लवकर उमगला. वही तपासतांना उत्तर चुकलें दिसलें, कीं शेवटल्या पायरीपासून वर वर जात चूक कोठें शिरली हें आम्हीही पाहत असूं. येथेंही प्रत्येक पायरीस विचारावयाचें कीं, तुझी संख्या किंचित् हलली तर उत्तर किती हलेल? शेवटाकडून आरंभाकडे जाण्याची ही युक्ति सेप्पो लिन्नाइनमा यांनीं १९७० सालीं हेलसिंकी येथें पदव्युत्तर प्रबंधांत मांडली. आज चित्रें ओळखणारीं व संभाषण करणारीं यंत्रें याच मार्गानें शिकतात. तात्कालिक गतीचा विचार भास्कराचार्यांनीं ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त केला आहे खरा. पण 'आमच्याकडे सर्व होतेंच' म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं.

२०१२ सालीं निघालेल्या 'स्टॅन' या संगणकभाषेंत या दोन्ही विद्या एकत्र नांदतात. तरी पुष्कळ काम शिल्लक आहे. 'अमुक असेल तर हें, नसेल तर तें' अशी फांटा फुटणारी आज्ञा आली, कीं उत्तर एकदम उडी घेतें आणि चलनकलन लंगडें पडतें. शिवाय यंत्रानें काढलेलें अनुमान भरंवशाचें आहे हें सिद्ध कसें करावें? आमच्या शिक्षिकाबाईंस याच प्रश्नानें पछाडलें आहे.

हा मार्ग मराठी माणसास अगदींच अपरिचित नाहीं. १९१९ सालीं कोल्हापुरास जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार हे केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखालीं संभाव्यताशास्त्रांत डॉक्टर झाले. १९५३ सालीं पुणें विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनींच उभारला. त्याच केंब्रिजांत १९८९ सालीं 'बग्ज' नामक प्रोग्रॅमाचें काम सुरू झालें, व आजच्या संभाव्यता-प्रोग्रॅमांच्या पूर्वजांत तो मोडतो. आणि नदीपलीकडील रोह्यांत ज्यांचें बालपण गेलें, ते चिंतामणराव देशमुख १९४५ ते १९६४ इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते. १९१२ सालीं मॅट्रिकला पहिले येऊन संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तिही त्यांनींच पटकाविली होती, हें सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.

आतां व्यवहार. पवईच्या आय.आय.टी.त संगणकशास्त्र विभाग आहे, तसेंच मशीन इंटेलिजन्स अँड डेटा सायन्सचें स्वतंत्र केंद्रही आहे. प्रवेशासाठीं गेट किंवा नेट यांसारखी परीक्षा लागते. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था स्वतःची परीक्षा घेते. नेटमधून कनिष्ठ संशोधनवृत्ति मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानें पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व पुढें ४२,००० रुपये मिळतात. नोकरीच्या मानानें हें थोडें आहे, आणि पांचाचीं सहा वर्षें होणेंही नवल नव्हे. संस्थेच्या नांवाआधीं मार्गदर्शक पाहावा. त्यांचे पूर्वींचे विद्यार्थी किती वर्षांनीं सुटले व पुढें कोठें गेले, याची चौकशी निःसंकोच करावी.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं असाच एक हुशार मुलगा आमचा सल्ला विचारावयास आला होता. घरची ओढगस्त पाहून आम्ही त्यास बँकेंत जावयास सांगितलें. तो आज सुखांत आहे. पण भेटला कीं, त्या वेळीं अर्धवट राहिलेल्या एका प्रमेयाविषयीं बोलतो, आणि आम्ही विषय बदलतों.

म्हणून 'चार शब्द' सांगण्याचें आम्ही नाकारलें. मातोश्री बराच वेळ गप्प बसल्या. निघतांना उंबऱ्याशीं थांबून त्यांनीं विचारलें, "पवईहून शनिवारीं घरीं येतां येईल ना हो?"

दिव्याहून रोह्यास गाडी आहे, असें आम्ही सांगितलें.