हार्ड डिस्क अडखळतेय? 'चेक डिस्क' चालवण्याआधी हे वाचा

फोल्डर उघडायला मिनिटभर लागतंय, लग्नाचे फोटो कॉपी होताना मध्येच एरर येतेय? अशा वेळी बहुतेक जण विंडोजची 'चेक डिस्क' चालवतात आणि तिथेच घात होतो. ती फाइल सिस्टीमच्या नोंदी जुळवते, तुमचे फोटो वाचवणं हे तिचं काम नाही. वर आधीच थकलेल्या डिस्कला ती तासन्‌तास राबवते.

आधी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत प्रोग्रॅममध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर' पाहा. आकडा शून्याच्या वर असेल तर डिस्कचे काही भाग नीट वाचले जात नाहीत. मग तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेच्या दुसऱ्या डिस्कवर लिनक्समधल्या 'डीडीरेस्क्यू'ने पूर्ण प्रत काढा. तो सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडलेल्या जागी नंतर परततो. मॅप फाइल ठेवली असेल तर वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. फक्त कमांडमध्ये दोन डिस्कची नावं उलटी पडू देऊ नका, नाहीतर जुन्यावर रिकामी प्रत चढेल! फायली शोधायच्या त्या प्रतीतूनच.

टक-टक आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा. हेड आणि तबकडीत अंतर जेमतेम काही नॅनोमीटरचं असतं. आता काम रिकव्हरी लॅबचं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो, पण त्याने आत दव धरतं.