बिदरच्या दरबारातील दोन तट

बहमनी राज्य 1347 मध्ये गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, उभे राहिले. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशाहाने राजधानी बिदरला नेली. राज्याची भिस्त घोडदळावर होती आणि चांगला घोडा दख्खनमध्ये पैदा होत नसे. तो अरबस्तान-इराणहून दाभोळ, चौल, गोवा या बंदरांत उतरे. या व्यापाराबरोबर इराणी, तुर्की, अरब व्यापारी, सरदार आणि विद्वानही आले. त्यांना आफाकी म्हणत. आधीपासून स्थायिक झालेले मुसलमान सरदार ते दख्खनी. आफ्रिकेतून आलेले हबशी बहुधा दख्खन्यांच्याच बाजूचे.

आफाक्यांत शिया बरेच, दख्खनी मुख्यतः सुन्नी. त्यामुळे भांडणाला पंथाचा रंग चढला, पण मूळ दुखणे जहागिरी, मनसबी आणि सुलतानाच्या कानाशी कोण लागतो याचे होते. शतकाच्या मध्याला कोकणात शिर्के या स्थानिक सरदारांनी शाही फौज कापून काढली. वाचलेले आफाकी चाकणला आले, तेव्हा ते बंडाळी करतील असे सुलतानाला कळवून दख्खनी सरदारांनी त्यांची कत्तल घडवली.

इराणातल्या गिलानचा महमूद गावान व्यापारी म्हणूनच दाभोळला उतरला होता. 1458 ते 1463 या पाच वर्षांत हुमायून आणि निजामशाह हे दोन सुलतान होऊन गेले आणि तिसरा, महंमदशाह, लहान वयात गादीवर आला. अशा काळात गावान वजीर झाला. 1472 मध्ये त्याने विजयनगरकडून गोवा घेतला. घोड्यांच्या आयातीचे मोठे बंदर हाती आले. त्याच सुमारास बिदरमध्ये त्याचा मदरसा बांधून झाला. त्याचा उरलेला मनोरा आणि त्यावरच्या निळ्या-पांढऱ्या फरशा आजही दिसतात.

व्यापार आणि धर्म एकमेकांत कसे गुंतले होते, हे रशियन प्रवासी अफानासी निकितिनच्या हकिगतीत दिसते. तो विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि मुसलमान झालास तर घोडा आणि वर हजार सोन्याची नाणी देतो, असे फर्मावले. एका खुरासानी माणसाने रदबदली केली तेव्हा कुठे घोडा सुटला. पुढे निकितिनने तो बिदरमध्ये विकला.

गावानने राज्याच्या चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या, प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला, जमिनीची मोजणी सुरू केली. कारभाराच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते, पण जुन्या सरदारांच्या मिळकतीवरच त्याने हात घातला होता. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यावर ओरिसाच्या राजाला फितुरीचे पत्र लिहिले. मद्यधुंद सुलतानाने चौकशी न करता एप्रिल 1481 मध्ये त्याचा शिरच्छेद करवला. एका माणसाच्या लहरीवर सारे राज्य टांगलेले होते, ही या राज्याची खरी कमजोरी.

पुढच्याच वर्षी सुलतान वारला आणि राज्याची पाच शकले होऊ लागली. गावानच्या आश्रयाखाली वाढलेल्या युसुफ आदिलखानाने विजापूरला शिया पंथ जाहीर करताच शेजारी सत्ता चालून आल्या. दख्खनी गटाचा म्होरक्या मलिक हसन, ज्याचे घराणे मूळ पाथरीच्या कुळकर्ण्यांचे सांगतात, त्याच्या मुलाने अहमदनगरची निजामशाही स्थापली. त्याच हसनच्या नातवाने, बुऱ्हाण निजामशाहाने, 1538 च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला.