विश्लेषण : गोधडी तुळजापूरची, ग्राहक जर्मनीचा, पैसे खात्यात येतात कसे?

समजा, तुळजापूर तालुक्यातील एका बचत गटाने शिवलेली गोधडी जर्मनीतील ग्राहकाला मोबाइलवर आवडली. किंमत ठरली ८० युरो. ग्राहक विचारतो, ‘कार्डाने पैसे देऊ का?’ इथेच अनेकांची गाडी अडते. मग पुण्यातल्या कुणा नातेवाइकाकडून यूपीआयवर रुपये मागवण्याचा सोपा मार्ग सुचतो. पैसे येतातही, पण निर्यातीचा पुरावा मागे राहत नाही. धाराशिव जिल्ह्यातून माल किंवा सेवा थेट युरोपात विकायची असेल, तर दोन्हीकडचे नियम माहीत हवेत.

यूपीआयसारखे हे मोफत का नाही?

देशात यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क लागत नाही. त्यामुळे ‘पैसे घ्यायचेही पैसे लागतात’ हे आपण विसरून गेलो आहोत. युरोपात कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर दुकानदाराला शुल्क द्यावे लागते. त्यातील ग्राहकाच्या बँकेला मिळणाऱ्या वाट्यावर युरोपीय संघाने २०१५ मध्ये मर्यादा घातली. डेबिट कार्डावर ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डावर ०.३ टक्के. मात्र ग्राहक आणि दुकानदार या दोघांच्याही बँका युरोपात असतील तरच ही मर्यादा लागू होते. धाराशिवच्या विक्रेत्याला तिचा लाभ नाही.

युरोपातील ग्राहकाचे पैसे मध्येच अडकतात का?

कधी कधी अडकतात. आपल्याकडे ओटीपी, तशी युरोपात ‘दुहेरी ओळख पडताळणी’ आहे. ऑनलाइन व्यवहारांसाठी हा नियम १४ सप्टेंबर २०१९ पासून आला. ग्राहकाला माहीत असलेली गोष्ट म्हणजे पासवर्ड, त्याच्याजवळ असलेली गोष्ट म्हणजे मोबाइल, आणि बोटाचा ठसा किंवा चेहरा, या तिन्हींपैकी दोन पुरावे बँकेला लागतात. ३० युरोपर्यंतच्या छोट्या व्यवहाराला काही अटींवर सूट मिळू शकते. विक्रेत्याची पेमेंट व्यवस्था या पडताळणीला जोडलेली नसेल, तर ग्राहकाची बँक व्यवहार नाकारू शकते. म्हणून पेमेंट कंपनी निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

रिझर्व्ह बँक काय सांगते?

परदेशातील ग्राहकाचे पैसे गोळा करून भारतीय विक्रेत्याला देणाऱ्या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी स्वतंत्र नियम आणले. अशा बिगरबँक कंपनीला रिझर्व्ह बँकेची मान्यता घ्यावी लागते. एका वस्तूची किंवा सेवेची किंमत २५ लाख रुपयांपेक्षा जास्त असेल, तर हा मार्ग वापरता येत नाही. गोधडीवाल्यांना ही मर्यादा पुरून उरते. मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. केवळ जाहिरातीवर विश्वास न ठेवता कंपनीचे नाव तिथे तपासावे.

८० युरोतले हाती किती?

सोयीसाठी एक युरो म्हणजे १०० रुपये आणि कंपनीचे कमिशन ४ टक्के धरू. प्रत्यक्षात दोन्ही आकडे वेगळे असतील.

- विक्री : ८,००० रुपये
- कमिशन : ३२० रुपये
- कमिशनवर १८ टक्के जीएसटी : ५७ रुपये ६० पैसे
- कंपनीने युरोचा दर १०० ऐवजी ९८ दिला, तर तोटा : १६० रुपये
- हाती : ७,४६२ रुपये ४० पैसे

कमिशन सगळ्यांना दिसते, दरातला फरक मात्र पावतीवर ठळक छापलेला नसतो. ‘कमिशन फक्त २ टक्के’ म्हणणारी कंपनी दर कमी देऊन तेवढेच काढून घेऊ शकते. दोन कंपन्यांची तुलना करताना ‘८० युरोचे माझ्या खात्यात किती रुपये पडतील?’ एवढेच विचारा.

कोणती कागदपत्रे लागतात?

वस्तू पाठवायची असेल तर परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड हवा. तो ऑनलाइन मिळतो आणि त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. जीएसटी नोंदणी असल्यास दरवर्षी हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरून कर न आकारता निर्यात करता येते. टपालाने माल पाठवताना निर्यातीचे टपाल बिल करावे लागते. त्यासाठी डाकघर निर्यात केंद्रांची सोय आहे. पैसे आल्यावर परकीय चलन मिळाल्याचा दाखला न विसरता मागून घ्यावा. जीएसटीचा परतावा असो की बँकेकडे निर्यातीचा हिशेब, हाच दाखला कामी येतो. नातेवाइकाच्या यूपीआयने आलेल्या रुपयांना तो मिळत नाही.

पैसे आले, म्हणजे व्यवहार संपला?

नाही. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी केलेल्या ग्राहकाला माल हाती पडल्यापासून १४ दिवसांत कारण न देता तो परत करता येतो. परतीचा टपालखर्च ग्राहकाने करायचा असेल, तर ते आधीच सांगावे लागते. न सांगितल्यास तो खर्च विक्रेत्याच्या माथी येतो. ग्राहकाच्या मागणीनुसार खास बनवलेल्या वस्तूला, उदाहरणार्थ बाळाचे नाव शिवलेल्या गोधडीला, ही सवलत लागू नाही.

दुसरी अडचण तिथल्या कराची. १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघात येणाऱ्या लहानात लहान पार्सलवरही व्हॅट लागतो. जर्मनीत त्याचा सर्वसाधारण दर १९ टक्के आहे. तो कोण भरणार हे आधी सांगितले नाही, तर दारात आलेल्या पोस्टमनने पैसे मागताच ग्राहक पार्सल नाकारतो आणि बँकेकडे तक्रार करतो. मग विक्रेत्याच्या खात्यातून रक्कम परत वळती होऊ शकते. अशा तक्रारी काही महिन्यांनीही येतात. त्यामुळे पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक, पावती आणि ग्राहकाशी झालेले संदेश जपून ठेवावेत.

सगळाच माल पाठवता येईल?

नाही. कुंथलगिरीचा खवा कितीही नावाजलेला असला, तरी दुग्धजन्य पदार्थांसाठी युरोपचे आरोग्य नियम फार कडक आहेत. ऑर्डर घेण्याआधी, म्हणजे पैसे स्वीकारण्याआधी, ती वस्तू तिथे जाऊ शकते का हे पाहावे. डिझाइन, भाषांतर, शिकवणी अशा सेवांना पार्सलची कटकट नाही, पण परकीय चलनाचा दाखला तिथेही हवाच.

पुढे काय?

यूपीआय आणि युरोपीय मध्यवर्ती बँकेची ‘टिप्स’ ही तत्काळ पेमेंट यंत्रणा जोडण्याचे काम पुढे नेण्यावर सहमती झाल्याचे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांना स्वस्तात पैसे पाठवता यावेत, हा त्यामागचा हेतू आहे. तोवर गोधडीच्या किमतीतच कमिशन, दरातला फरक आणि एखाद्या परतीचा खर्च धरलेला बरा. नाहीतर टाके घालणाऱ्या बाईच्या मजुरीतूनच तो जातो.