तीन दोऱ्या, एक शीड: छोट्या होडीची 'सेटिंग्ज' कशी लावतात?

फोनच्या कॅमेऱ्यात 'प्रो' मोड उघडला की आयएसओ, शटर स्पीड असे आकडे दिसतात. एक हलवला की दुसराही परत बघावा लागतो. एका माणसाच्या शिडाच्या होडीचं बरंचसं तसंच असतं. फक्त स्क्रीनऐवजी दोऱ्या, आणि सेटिंग चुकलं तर फोटो काळा येत नाही, आपण पाण्यात पडतो.

उदाहरणाला लेझर घेऊया. ब्रूस कर्बी या कॅनेडियन डिझायनरची ही होडी १९७१ मध्ये बाजारात आली आणि १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. हल्ली स्पर्धांमध्ये तिला आयएलसीए म्हणतात. लांबी जेमतेम ४.२ मीटर. आपले विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन टोकियो आणि पॅरिसला याच होडीवर उतरले. विष्णूच्या होडीचं शीड ७.०६ चौरस मीटर, नेत्राच्या होडीचं ५.७६. खालची होडी तीच.

आता मुद्दा असा की शीड म्हणजे ताणलेली चादर नाही. त्याला विमानाच्या पंखासारखा फुगवटा असतो. तो किती खोल आहे, पुढे आहे की मागे, आणि शिडाचं वरचं टोक खालच्या भागापेक्षा किती बाहेर वळलंय, या तीन गोष्टींवर ताकद ठरते. मंद वाऱ्यात ती ताकद हवी असते. वारा वाढला की तीच ताकद होडी आडवी करते. साठ किलोचा माणूस कडेवरून कितीही बाहेर झुकला तरी त्याला मर्यादा आहे. तिथून पुढचं काम दोऱ्यांचं.

पहिली आउटहॉल. ही शिडाचा खालचा मागचा कोपरा बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या टोकाकडे ओढते. ढिली सोडली की शिडाचा खालचा भाग फुगतो, ओढली की सपाट होतो. अंदाज घ्यायला बूमच्या मध्यावर शीड आणि दांडा यातलं अंतर बघा: मध्यम वाऱ्यात वीतभर, जोराच्या वाऱ्यात जवळजवळ नाहीच.

दुसरी कनिंगहॅम. अमेरिकन नौकाचालक ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या नावाची. ही शिडाची पुढची कड डोलकाठीलगत खाली ताणते. त्यामुळे फुगवटा पुढे सरकतो आणि वरचा भाग उघडून जादा वारा निघून जातो. मंद वाऱ्यात ती पूर्ण सैल ठेवा. पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या दिसतील, दिसू द्या. इस्त्री केलेलं शीड फोटोला छान, वेगाला नाही.

तिसरी व्हँग, आणि माझ्या मते नवख्यांनी सगळ्यात आधी हीच समजून घ्यावी. ती बूमला वर उचलू देत नाही, शिवाय डोलकाठी वाकवून शीड सपाट करते. वारा पाठीमागून असताना फार सैल राहिली तर शिडाचं वरचं टोक डोलकाठीच्याही पुढे जातं आणि होडी वाऱ्याच्या बाजूला कलंडते. उलट, वारा बाजूने असताना फार घट्ट असेल तर झोताच्या वेळी शीड सोडायला जाल आणि बूमचं टोक पाण्यात टेकेल. मग शीड बाहेर जाऊच शकत नाही आणि होडी उलटते.

या दोऱ्यांवर ताण चांगलाच असतो, आणि तुमचा एक हात सुकाणूवर अडकलेला. म्हणून कप्प्या. हलत्या कप्पीला दोरीचे तीन पदर धरून असतील तर ताकद तिप्पट. त्या दोरीच्या टोकाला दोनपट देणारी दुसरी कप्पी जोडली की बेरीज नाही, गुणाकार: सहापट. व्हँगसाठी क्लासच्या नियमांत १५ पटींची मर्यादा आहे. पण फुकट काही मिळत नाही. १५ पट म्हणजे बूमकडचं टोक १ सेंटीमीटर खेचायला १५ सेंटीमीटर दोरी ओढायची, आणि प्रत्येक कप्पीतलं घर्षण वेगळं. शिवाय ती सगळी दोरी पायात येते. फार न ताणली जाणारी बारीक दोरी वापरली तर निम्मं दुखणं कमी होतं, कारण नाहीतर आपण शीड नाही, दोरीच ताणत बसतो.

खरी गडबड मात्र होते गाठ कुठे मारायची यात. व्हँगची दोरी आखूड बांधली तर पाठीमागून वारा असताना पुरेशी सैल होत नाही. लांब बांधली तर घट्ट करताना कप्प्या एकमेकींना भिडतात आणि तुम्ही ओढतच राहता. म्हणून किनाऱ्यावरच दोन्ही टोकं तपासा: सगळ्या दोऱ्या पूर्ण सोडून बघा, मग पूर्ण ओढून. शिडाचा मागचा कोपरा बूमला धरून ठेवणारा पट्टाही बघा. तो बूमला घट्ट लागून, पण सहज सरकणारा हवा. सैल असेल तर कोपरा वर उचलला जातो आणि आउटहॉल कितीही ओढा, शिडाचा खालचा भाग नीट सपाट होत नाही.

आणि क्रम लक्षात ठेवा. मुख्य दोरी ओढून बूम पूर्ण खाली आणायचा, तेव्हा व्हँग आपोआप सैल पडते; तेवढा झोल काढून घ्यायचा. झाली सुरुवातीची सेटिंग. जोर वाढला की आणखी व्हँग ओढा, पण सोबत कनिंगहॅमही ओढाच. एकीनं काठी वाकवली की फुगवटा मागे सरकतो, दुसरी त्याला परत पुढे आणते.

जे सेटिंग जमलं त्याची खूण लगेच परमनंट मार्करनं बूमवर आणि दोरीवर करून ठेवा. पाण्यावर ऑटो-सेव्ह नसतं.