सायकल चालवताना हाताला मुंग्या येतात? मग हातमोज्यांचा विचार करा



मागच्या काही महिन्यांत ग्रामसंघाच्या बैठकांना फिरताना एक तक्रार सारखी कानावर येतेय. आपल्या ज्या ताई सायकलवर फिरतात, म्हणजे सीआरपी, बँक सखी, पशुसखी, काही अंगणवाडी मदतनीस, त्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, "मॅडम, सायकलवरून उतरलं की हात बधिर झालेले असतात. रजिस्टर लिहायला पेन धरता येत नाही." एका ताईंनी तर सायकल ओसरीत टेकवून ठेवली ती ठेवलीच. आता कुणाच्या गाडीवर मागं जागा मिळाली तरच त्या प्रभागाच्या बैठकीला येतात. जागा नाही मिळाली की बैठक चुकते, आणि बैठक चुकली की गटाच्या कर्जाचे कागद पुढच्या महिन्यावर जातात. दुखणं त्यांच्या हाताचं, पण अडलंय सगळ्या गटाचं.

बरं, या दुखण्यावर उपाय आहे आणि तो फार महागही नाही. म्हणून या अंकात हातमोज्यांवर लिहितेय. हसू नका, पूर्ण वाचा.

मुंग्या का येतात?

दाराच्या चौकटीला कोपर आपटलं की करंगळीपर्यंत करंट गेल्यासारखं होतं ना? ती जी नस आहे, तीच कोपराकडून खाली मनगटात येते आणि तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने बोटांत जाते. तळहात जिथे सुरू होतो, तिथे ती अगदी वर, कातडीच्या जवळ असते. आपण हँडल धरतो तेव्हा अंगाचा बराचसा भार नेमका त्याच जागेवर येतो. वरून रस्ता खडीचा किंवा मुरमाचा. प्रत्येक दगडाचा हादरा हँडलमधून तळहातात. अर्धा-पाऊण तास असं झालं की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. शहरात आणि परदेशात शर्यतीसाठी सायकल चालवणाऱ्यांनाही हाच त्रास होतो, डॉक्टरांना तो चांगला माहीत आहे. म्हणजे "आता वय झालं" असं म्हणून गप्प बसण्याची गोष्ट नाही ही.

कुणाकुणाला करंगळीऐवजी अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं बोट बधिर होतं. ती दुसरी नस, मनगटाच्या मधोमध जाणारी. मनगट वाकवून हँडल धरलं की तिच्यावर दाब येतो. पण हा त्रास सायकल न चालवणाऱ्यांनाही होतो. धुणं पिळणं, भाकरी थापणं, धार काढणं, खुरपणी, या सगळ्यात मनगट दिवसभर वाकतच असतं. मधुमेह किंवा थायरॉइड असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर जास्त होतो. त्यामुळे आधी स्वतःची कोणती बोटं बधिर होतात ते नीट बघा. डॉक्टरांकडे गेलात तर तेही पहिल्यांदा हेच विचारतील.

पडलं की हातच पुढे जातो

हातमोज्याचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. सायकल घसरली की माणूस विचार करत नाही, हात आपोआप पुढे येतो. तळहात खडीवर घासतो, कातडी सोलते, आत बारीक खडे रुततात. आता बायकांचा तळहात सोलला म्हणजे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आठ-दहा दिवस भांडी, पीठ, धुणं, शेण, काहीच जमत नाही. वेचणीचे दिवस असतील तर मजुरी गेली. मोजा असेल तर कातडीऐवजी कापड फाटतं.

पडून जखम झालीच तर ती साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवायची, खडे काढायचे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन हवं की नाही ते तिथे सांगतात. चुना, माती, चहापावडर जखमेत भरू नका. आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ दाबलं की कळ येत असेल, सूज असेल, तर हाड बसवणाऱ्याकडे चोळून घेऊ नका. तिथलं एक छोटं हाड मोडलं तरी हात हलतो, त्यामुळे "हलतोय म्हणजे मोडलं नाही" असं वाटतं. एक्स-रे काढा. पाळी गेलेल्या ताईंची हाडं ठिसूळ झालेली असतात, त्यांनी तर चालढकल करूच नये.

एक गोष्ट हातमोज्यांच्या कुठल्याही माहितीत लिहिलेली नसते, ती म्हणजे बांगड्या. काचेच्या बांगड्या पडताना फुटतात आणि मनगटालाच कापतात. बांगड्या काढा असं मी म्हणणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण सायकलवर बसताना त्या वर सरकवून त्यावर जुन्या पायमोज्याचा पंजा कापलेला वरचा भाग चढवता येतो. आमच्या एक ताई असंच करतात, उन्हापासूनही हात वाचतो म्हणतात.

कोणते मोजे घ्यायचे?

बाजारात सायकलचे म्हणून जे मोजे मिळतात ते बहुतेक अर्ध्या बोटांचे असतात. बोटांची टोकं उघडी राहतात, त्यामुळे घंटी, ब्रेक, मोबाइल, पैसे मोजणं सगळं मोजा न काढता जमतं. तळहाताला फोम किंवा जेलची गादी असते आणि पाठीमागे हवा जाणारं जाळीदार कापड. बऱ्याच मोज्यांच्या अंगठ्यावर टॉवेलसारखं कापड लावलेलं असतं. ते घाम पुसायला असतं. तालुक्याच्या ठिकाणी सायकलच्या किंवा खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतात.

घेताना जास्त जाड गादीचा मोजा चांगला, असं समजू नका. दुकानदार तोच पुढे करतो. फार जाड गादी असली की हँडल मुठीत नीट बसत नाही, मग आपण ते आणखी घट्ट आवळतो आणि मुंग्या वाढतात. गादी मध्यम असावी, आणि तळहाताच्या मधला खोलगट भाग मोकळा असावा. मोजा घालून मूठ मिटून बघा. कापड बोटांच्या बेचक्यात काचतंय का? अंगठी आत दाबली जातेय का? मग दुकानातच कुठलंही हँडल धरून ब्रेक दाबून बघा. ब्रेकपर्यंत बोटं सहज पोचली नाहीत तर तो मोजा कितीही छान दिसला तरी घेऊ नका. फार सैल असेल तर तो हातात फिरतो, फोड येतात. बायकांचे हात लहान असतात आणि दुकानात बहुतेक वेळा पुरुषांची मापं असतात, त्यामुळे लहान माप मागून घ्या, लाजू नका.

हार्डवेअरच्या दुकानात गवंडी-हमाल वापरतात ते विणलेले सुती मोजे मिळतात, तळहातावर रबराचे ठिपके असलेले. ते खूपच स्वस्त. पकड चांगली येते, थंडीत ऊब मिळते, पडल्यावर कातडी वाचते. पण गादी नसल्याने मुंग्यांवर फारसा उपयोग होत नाही, आणि पावसात भिजले की दिवसभर ओले राहतात. भांडी घासायचे रबरी मोजे किंवा दवाखान्यातले पातळ मोजे घालून मात्र सायकल चालवू नका. आत घाम साचतो, हात आत घसरतो.

गटात शिवता येतील का?

येतील. आपल्या फेडरेशनमध्ये शिलाई करणाऱ्या ताई कमी नाहीत. माप घेताना हात कागदावर सपाट ठेवून रेघ मारली की मोजा हँडल धरताना ताणतो. म्हणून बोटं थोडी वाकवून माप घ्या आणि शिलाईसाठी जागा सोडा. तळहाताची बाजू जुन्या पण न विरलेल्या जीन्सची, पाठची बाजू ताणणाऱ्या टी-शर्टच्या कापडाची. गादीसाठी पातळ फोम किंवा जुन्या ब्लँकेटचे दोन-तीन थर, पण सगळ्या तळहाताला नाही. एक तुकडा करंगळीच्या बाजूला, तळहाताच्या खालच्या उंचवट्यावर. दुसरा छोटा, अंगठ्याच्या मुळाच्या उंचवट्यावर. मध्ये रिकामं. बोटांची शिलाई बाहेरच्या बाजूला ठेवा, आत ठेवलीत तर ती टोचते. मनगटाला इलॅस्टिक सैलसर. आधी एकच जोड शिवून आठवडाभर कुणाला तरी वापरायला द्या, मगच पुढचे कापा. विकायचा विचार त्यानंतर.

सायकलसुद्धा बघा

मोजे घातले आणि सायकल तशीच ठेवली तर अर्धाच फायदा. सीटचं टोक पुढे खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातावर येतो. सीट सपाट करून घ्या. घरातली दांड्याची जेंट्स सायकल चालवत असाल तर हँडल लांब पडतं. हँडल थोडं वर आणि सीट थोडी पुढे करून मिळते, मिस्त्रीला पाना फिरवायला पाच मिनिटं लागतात. मुठींचं रबर झिजून लोखंड लागत असेल तर नव्या मुठी बसवा. चाकात हवा दगडासारखी टणक नको. आणि हँडलला पिशवी, डबा, दुधाची किटली लटकवू नका. हँडल एका बाजूला ओढतं आणि आपण नकळत दुसऱ्या हाताने ते आवळून धरतो. सामान मागे कॅरियरला.

चालवताना मनगट सरळ, कोपर किंचित वाकलेलं, मूठ सैल. चढ संपला की एकेक हात सोडून झटका. येत नसेल तर उतरून झटका.

मानव विकास कार्यक्रमातून ज्या मुलींना शाळेसाठी सायकल मिळाली आहे, त्यांच्या आयांनीही हे एकदा बघावं. मुली वेगवेगळ्या उंचीच्या असतात.

एवढं सगळं करूनही बधिरपणा दिवसभर राहत असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, हातातून तांब्या निसटत असेल किंवा अंगठ्याजवळचं मांस बसल्यासारखं दिसत असेल, तर मोज्यांवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. नस फार दिवस दबून राहिली तर हाताची ताकद पूर्ण परत येतेच असं नाही.

"लोक काय म्हणतील" याबद्दल

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत आला. "साडीवर मोजे? लोक म्हणतील, आली मोठी शर्यतवाली." म्हणू देत. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या काही वर्षांत साक्षरता चळवळीत हजारो गरीब बायका सायकल चालवायला शिकल्या. शेतमजूर, दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीतल्या. त्यांनाही लोकांनी वाईटसाईट बोलून घेतलं. तरी त्या सायकलवरून माल विकायला जाऊ लागल्या, बसची वाट बघणं सुटलं. तिथे तर अख्खी सायकलच नवीन होती, आपल्याकडे नुसते मोजे आहेत. आणि खरं सांगू का, गवंड्याने मोजे घातले तर कुणी हसत नाही.

मोजे धुताना कोमट किंवा साध्या पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, गादी गोळा होते. सावलीत वाळवा. चिकटपट्टी असेल तर धुण्याआधी बंद करा, नाहीतर ती साडीला चिकटून धागे ओढते. हाताला खाज किंवा नायटा असेल तर आपला जोड दुसरीला देऊ नका.

अर्ध्या बोटांच्या मोज्याचा कागदी नमुना फेडरेशनच्या कार्यालयात ठेवला आहे. ज्यांना शिवायचे आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला येताना अंगठा सोडून तळहाताच्या रुंद भागाभोवती टेप फिरवून माप लिहून आणा, उजव्या हाताचं.