स्पॅनिश नामांची ओळख : भाग ७ – एल प्वेन्ते

शब्दकोशात 'प्वेन्ते'समोर पहिला अर्थ दिसतो तो पूल. पुल्लिंगी नाम, म्हणून 'एल प्वेन्ते', अनेकवचन 'प्वेन्तेस'. उच्चार दोनच अवयवांचा, 'प्वेन' आणि 'ते', आणि त आपल्या 'ताटा'तला. इंग्रजीच्या सवयीने तिथे ट आणू नका. नदीवरचा पूल, जहाजाचा कप्तान उभा राहतो ती जागा, चष्म्याचा नाकावर टेकणारा भाग, दातांचा ब्रिज, या सगळ्यांना हाच शब्द चालतो.

पण नोव्हेंबरच्या अखेरीस माद्रिदच्या कचेरीत शेजारच्या टेबलावरून "आथेस प्वेन्ते?" असं कुणी विचारलं, तर पुलाचा विचार बाजूला ठेवा. मधल्या दिवसाची रजा टाकणार का, असं तो विचारतोय. १९७८ साली ६ डिसेंबरला सार्वमताने स्पेनची राज्यघटना मंजूर झाली, म्हणून त्या दिवशी देशभर सुट्टी. ८ डिसेंबरला मेरीच्या निष्कलंक गर्भधारणेचा सण, तेव्हाही सुट्टी. २०२३ साली या तारखा बुधवारी आणि शुक्रवारी आल्या. मधल्या गुरुवारची रजा टाकली की बुधवार ते रविवार सलग पाच दिवस हाती. तो गुरुवार म्हणजे खरा प्वेन्ते. रोजच्या बोलण्यात मात्र त्या पाचही दिवसांना मिळून प्वेन्तेच म्हणतात. 'मे बॉय दे प्वेन्ते' म्हणजे जोडसुट्टीत बाहेरगावी चाललोय.

२०२२ साली त्याच तारखा मंगळवारी आणि गुरुवारी होत्या. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार अशा तीन रजा टाकल्या की शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत नऊ दिवस मोकळे. अशा लांबलचक सुट्टीला लोक 'आक्वेदुक्तो' म्हणतात. सेगोवियातला दगडी कमानींचा रोमन जलसेतू ज्यांनी पाहिलाय, त्यांना या शब्दातली मौज समजावून सांगावी लागत नाही.

आता व्याकरणातली एक जागा, जिथे मी प्रत्येक शिकणाऱ्याला मुद्दाम थांबवते. सुट्टीच्या अर्थाने 'आथेर प्वेन्ते' म्हणताना मध्ये 'उन' सहसा येत नाही. 'आथेर उन प्वेन्ते' म्हटलं की अर्थच पालटतो. किल्ली नसताना वायरी जोडून गाडी सुरू करणं, हा त्याचा एक रोजचा अर्थ. दातांचा डॉक्टरही 'उन प्वेन्ते' करतो. एवढ्याशा 'उन'ने फरक पडतो, म्हणून हे नाम कधीही सुटं पाठ करू नये. 'आथेर' या क्रियापदासकट पाठ करा, आणि तोंडात बसेपर्यंत मोठ्याने म्हणा.

अटलांटिकपलीकडे 'आथेर'चं 'आसेर' होतं आणि प्वेन्तेचा अर्थही थोडा सरकतो. कोलंबियात १९८३च्या कायद्याने बऱ्याचशा सुट्ट्या पुढच्या सोमवारी ढकलल्या. मेक्सिकोतही २००६पासून फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबरमधल्या तीन राष्ट्रीय सुट्ट्या सोमवारी येतात. रजा टाकण्याचा प्रश्नच उरला नाही, तरी शनिवार-रविवार-सोमवार या तीन दिवसांना दोन्हीकडे प्वेन्तेच म्हणतात. शब्दकोशाची रेषा पाहून त्यांना चूक ठरवण्यात अर्थ नाही; तिथली माणसं बोलतात तेच तिथलं स्पॅनिश.

आपल्या गोव्याच्या वाचकांसाठी एक इशारा. पणजीहून रायबंदरला जाणारा सतराव्या शतकातला 'पोंते दे लिन्यारेस' तुमच्या परिचयाचा असेल. पोर्तुगीजमधला 'पोंते' स्त्रीलिंगी आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये प्वेन्तेसुद्धा स्त्रीलिंगी चालत असे. आज मात्र तो 'एल'च. पोर्तुगीज येणाऱ्यांच्या तोंडून 'ला प्वेन्ते' हमखास निसटतं, तेवढं सांभाळा.

पुढच्या आठवड्यात 'क्वेन्ता' : हिशेब, बिल आणि बँकेतलं खातं.