व्यंगचित्रातील वन्यजीव आणि लोकशिक्षण

अरण्यातील प्राण्याला व्यंगचित्रात आणून वाचकाला हसवणे फारसे कठीण नाही. परंतु त्या हास्याच्या आधारे त्या प्राण्याचे यथार्थ ज्ञान देणे आणि त्या ज्ञानाला कृतीची दिशा दाखवणे हे बिकट कार्य आहे, आणि या दोहोंतील अंतर अमेरिकेतील दोन व्यंगचित्रकारांच्या कामगिरीवरून स्पष्ट होते.

पहिले क्लिफर्ड बेरीमन. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट मिसिसिपीत शिकारीस गेले असता सोबत्यांनी झाडाला बांधून ठेवलेल्या अस्वलावर बंदूक चालवण्यास त्यांनी नकार दिला, हा प्रसंग बेरीमन यांनी १६ नोव्हेंबर १९०२ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये चितारला. ते अस्वल लोकांना इतके आवडले की बेरीमन यांच्या पुढील चित्रांत ते गोंडस पिल्लू होऊन वावरू लागले आणि त्यावरून ‘टेडी बेअर’ हे खेळणे जन्मास आले. प्रत्यक्षातील जखमी जनावर मात्र तेथेच सुरीने मारण्यात आले होते. आणि त्या मुलखातील अरण्ये शेतीखाली जात राहिल्यामुळे तेथील काळ्या अस्वलाची नोंद १९९२ साली संकटग्रस्त प्राण्यांच्या सरकारी यादीत करावी लागली. चित्राने ममता निर्माण केली; त्या प्राण्याला राहण्यास अरण्य लागते, हे ज्ञान दिले नाही.

दुसरे जे नॉर्वुड डार्लिंग. १८७६ साली जन्मलेले, महाविद्यालयात जीवशास्त्राची गोडी लागलेले आणि ‘डिंग’ या सहीने परिचित असलेले हे राजकीय व्यंगचित्रकार दीर्घकाळ आयोवातील ‘डे मॉइन रजिस्टर’ या पत्रासाठी चित्रे काढीत होते, व १९२४ आणि १९४३ अशी दोन वेळा त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. दलदली उपसून शेते करण्याचा सपाटा आणि त्यावर पडलेला दुष्काळ यांमुळे १९३०च्या सुमारास स्थलांतरी बदकांची संख्या झपाट्याने घटत असता, त्यांनी उपहासाचा रोख पक्ष्याकडे न ठेवता माणसाच्या हव्यासाकडे वळवला. फ्रँकलिन रुझवेल्ट यांच्या धोरणांचे ते कडवे टीकाकार होते, तरीही त्याच राष्ट्राध्यक्षांनी १९३४ साली वन्यजीवांचा कारभार पाहणाऱ्या जैविक सर्वेक्षण खात्याच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक केली. त्याच वर्षीच्या कायद्याने पाणपक्ष्यांच्या प्रौढ शिकाऱ्याला एक डॉलरचे तिकीट विकत घेणे सक्तीचे झाले. पहिल्या तिकिटावरील, पाण्यावर उतरू पाहणाऱ्या मॅलार्ड बदकांचे चित्र स्वतः डार्लिंग यांनी काढले. या तिकिटांच्या महसुलातून आजवर ६० लाख एकरांहून अधिक अधिवास राखला गेला आहे. तिकिटाचे चित्र गंभीर होते. परंतु पाणथळ जमीन ही पडीक जमीन नव्हे, हा विचार वाचकांच्या मनात रुजवण्याचे काम त्यांच्या हास्यचित्रांनी आधीपासून चालवले होते.

आपल्याकडे नागपूरचे रोहन चक्रवर्ती या वाटेने चालले आहेत. दंतवैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या या चित्रकाराला नागझिऱ्याच्या अभयारण्यात पाणवठ्यावर पाहिलेल्या वाघिणीने ही दिशा दाखवली आणि २०१० साली त्यांनी ‘ग्रीन ह्यूमर’ ही मालिका सुरू केली. त्यांच्या चित्रांत पक्षी, सरडे, बेडूक बोलतात, परंतु ते बोलणे त्या त्या जीवाच्या वास्तव वर्तनावर आधारलेले असते. पक्ष्यांच्या वर्तनावरील त्यांचे चित्रमय पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थेने प्रकाशित केले, यातच त्यांच्या अभ्यासाची पावती आहे.

मराठी दिवाळी अंकांना व्यंगचित्रांची मोठी परंपरा आहे. संपादकांना आमची आग्रहाची विनंती आहे की, त्यांनी त्यातील निदान एक पृष्ठ दरसाल माळढोक, खवले मांजर, गिधाड अशा आपल्याच मुलखातील संकटग्रस्त जीवांसाठी राखून ठेवावे, ते छापण्यापूर्वी एखाद्या जाणत्या निसर्ग-अभ्यासकाच्या नजरेखालून घालावे, आणि त्या जीवाचा अधिवास टिकवण्यासाठी वाचकाने काय करावे हेही त्याच पृष्ठावर स्पष्टपणे सांगावे.